दुपारी एक ते चार

“राजू, त्याला सांग, दांडा उलटा बसवलाय,” अण्णा म्हणाले.

‘त्याला’ म्हणजे सुकुमारमामाला. आणि मामा बसला होता अण्णांपासून फार तर दोन हातांवर, मांडीवर लाकडी फळी घेऊन, स्क्रू पिळत. दोघांचाही जन्म इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात गेलेला. त्यामुळे दोघांचाही आवाज असा, की कानात सांगितलेलं गुपित गल्लीच्या टोकाला ऐकू जावं. तरीही मी बापाचा निरोप इमानानं पोचवला.

“मामा, अण्णा म्हणतात, दांडा उलटा बसवलाय.”

“त्यांना सांग, पंचेचाळीस वर्षं स्क्रूच पिळतोय मी. उलटं-सुलटं कळतंय मला.”

“अण्णा, मामा म्हणतोय—”

“ऐकलं की. बहिरा न्हाई झालो अजून.”

मामानं पाठ फिरवली, दांडा काढला आणि सुलटा बसवला. अण्णांनी छताकडे बघत खाकरल्यासारखं केलं. तो त्यांचा विजयोत्सव होता.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. नाव राजमती, घरात राजू. ही गोष्ट घडली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते, दोन मुलांची आई होते, वर्गात माझा बऱ्यापैकी दरारा होता. पण त्या आठवड्यात मला एकच नोकरी होती. सव्वीस वर्षं एकमेकांशी बोलणं टाकलेल्या या दोन म्हाताऱ्यांचे निरोप दोन हातांच्या अंतरावर पोचवायचे.

आणि मध्ये ठेवलेलं होतं ते मशीन. म्हणजे त्याचे तुकडे.

मामा आणि अण्णा दोघेही माग दुरुस्त करणारे जॉबर. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. एक्क्याण्णव साली दोघांच्या डोक्यात एकाच वेळी किडा वळवळला आणि दोघं मुंबईला जाऊन एक जुनं व्हिडिओ गेमचं मशीन घेऊन आले. सुताच्या गाठोड्यांवर आडवं टाकून, ट्रकमधून. माणसाएवढी उंच लाकडी पेटी, पुढं काचेचा पडदा, खाली दोन खेळाडूंसाठी दोन दांडे आणि बटणं. पडद्यावर सगळी जपानी अक्षरं, त्यामुळे त्या खेळाचं खरं नाव आजतागायत कुणाला कळलेलं नाही. आमच्या गल्लीत त्याला ‘दोरी’ म्हणत.

पडद्यावर दोन इवलीशी माणसं, एक तांबडं, एक निळं, दोघांच्या कमरेला मिळून एकच दोरी. दोघांनी डोंगर चढायचा. एकानं कडा धरून थांबायचं, दुसऱ्यानं झोका घ्यायचा. एक पडला की दुसरा गेलाच. एकट्याला हा खेळ खेळताच यायचा नाही. असे आठ डोंगर होते म्हणे, पण पाचव्याच्या पुढं गेलेला माईचा लाल आख्ख्या गल्लीत नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी एका गाळ्यात ते मशीन बसलं. बाहेर अण्णांच्या वळणदार अक्षरात पाटी: ‘दुपारी १ ते ४ बंद. मशीनला विश्रांती.’ पेटीतली पडद्यामागची ट्यूब तापायची, म्हणून हा नियम दोघांनी मिळून केला होता. गाळ्याच्या किल्ल्या दोन. एक आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, एक मामाच्या घरी देवळीत.

वर्षभर सगळं झकास चाललं. मग ब्याण्णवच्या एका दुपारी चार वाजता अण्णांनी गाळा उघडला, तर आत जळका वास, पडदा काळाठिक्कर आणि पेटीची पाठ तव्यासारखी तापलेली. म्हणजे बंदच्या वेळात कुणीतरी मशीन चालवलं होतं. किल्ल्या दोनच. अण्णांनी उघडलं नव्हतं, म्हणजे मामानं. मामानं उघडलं नव्हतं, म्हणजे अण्णांनी. संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांच्या आजोबा-पणजोबांपर्यंत पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात गेले आणि पद्मावतीदेवीसमोर हात जोडून म्हणाले, “मी मशीनला हात लावलेला न्हाई.” ते बाहेर पडले आणि मामा आत गेला. त्यानंही तीच शपथ घेतली.

तिथंच सगळं संपलं. कारण मशीन चालवलं, हे एक वेळ माफ झालं असतं. देवीसमोर खोटी शपथ घेतली, हे कसं माफ होणार? आणि दोघांपैकी एकानं ती घेतली होती, एवढं तर उघड होतं.

मग वाटणी झाली. शेतीवाडीची करतात तशी, गल्लीतली चार माणसं बसवून. पेटी, ट्यूब आणि दांड्यांची फळी मामाला. सर्किटचा बोर्ड, वीजपुरवठ्याचं खोकं आणि वरची चमकती काच अण्णांना. राहिला आतल्या वायरींचा जुडगा, अठ्ठावीस वायरी. तो कुणी सोडेना. शेवटी टेप लावून मोजला आणि सुताच्या कात्रीनं बरोबर मधोमध कापला. अर्धा याच्या हातात, अर्धा त्याच्या. अशी वाटणी फक्त आमच्याच घरात होऊ शकते.

त्या दिवसापासून मामानं ‘दाजी’ हा शब्द टाकला. माझ्याशी बोलताना ‘तुझे वडील’, आईशी बोलताना ‘तुझा नवरा’. माझ्या लग्नात मामा म्हणून माझ्या पाठीशी उभा राहिला, अक्षता पडेपर्यंत हलला नाही, आणि ताटावर न बसता मांडवातून सायकल काढून निघून गेला. सासरी जाताना मी रडले ते माहेर सुटलं म्हणून, असं सगळ्यांना वाटलं. मी रडत होते त्या रिकाम्या पाटासाठी.

बायकांचं मात्र काही बिनसलं नव्हतं. आई आणि शालनमामी, नणंद-भावजय, रोज भेटायच्या. आमच्या गच्चीवर दोघी चादरींच्या घड्या घालायच्या तेव्हा एकमेकींकडे न बघता नुसतं बोलायच्या. “ओढ.” “सैल.” “ओढ.” ढीगभर चादरी पाच मिनिटांत चापूनचोपून तयार.

तर दोन हजार अठरामध्ये, मी माहेरी आलेली असताना, मामीचा फोन आला. “राजू, मामानं मागाची शेड विकली बघ. पुढच्या सोमवारी ताबा द्यायचाय. ते मशीनचं खोकं भंगारात चाललंय.”

मी फोन ठेवला आणि आईला सांगितलं. आईनं ते स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, पेपर वाचणाऱ्या अण्णांना ऐकू जाईल असं मोठ्यांदा परत म्हटलं. “अगं बाई! भंगारात?”

पेपर खाली आला. “भंगारात म्हणजे? निम्मं मशीन माझं हाय!”

अण्णांनी पलंगाखालची लोखंडी ट्रंक ओढली. जुन्या धोतरात गुंडाळलेला बोर्ड त्यात होता. त्याच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचा जाड थर. दर खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, त्यात अण्णा ट्रंक उघडून हेही पूजत होते, आणि मला सव्वीस वर्षांत पत्ता नव्हता. ट्रंक रिक्षात घालून आम्ही शेडवर गेलो. मामाची पेटी कोपऱ्यात उभी होती. तिच्या कपाळावरही तसाच थर. अण्णांनी तो पाहिला. नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, “त्याला विचार, ट्यूब फुटली तर न्हाई न्हवं?”

तेव्हा मी मनाशी ठरवलं. सोमवारच्या आत हे मशीन चालू करायचं. मशीनसाठी नाही. एकदा, फक्त एकदा, या दोघांनी मला मध्ये न घालता बोलावं म्हणून. नंतर शेड जाणार होती, पेटी जाणार होती, आणि दोघांना एका छताखाली आणायला माझ्याकडे दुसरं निमित्त उरणार नव्हतं.

आठवडाभर आयटीआय सुटलं की मी थेट शेडवर जायची. माग आधीच गेलेले, त्यामुळे शेड इतकी शांत की चमचा पडला तरी दचकायला व्हावं. अण्णांची अट एकच: सगळं मूळचं पाहिजे. मी म्हटलं, ट्यूबऐवजी नवा पडदा बसवू, स्वस्तात होईल. यावर प्रथमच दोघांचं एकमत झालं.

“त्यापेक्षा घरात बसून टीव्ही बघतो की,” अण्णा म्हणाले.

“तुझ्या वडलांना सांग, बरोबर हाय,” मामा म्हणाला.

ट्यूब धडधाकट होती. जळाला होता तिला उच्च दाबाची वीज देणारा एक भाग, ज्याला टीव्ही मेकॅनिक ईएचटी म्हणतात. तसला भाग बनायचा बंद होऊन जमाना झाला. शेवटी कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या माळ्यावर, धुळीत, न वापरलेला एक सापडला. त्यानं तो मला पुसून दिला आणि विचारलं, “कुठल्या वेड्यासाठी?” मी म्हटलं, “दोन वेडे आहेत.”

शुक्रवारी वायरींची पाळी आली. दोन्ही अर्धे जुडगे समोरासमोर ठेवले. मूळच्या वायरी सगळ्या एकाच रंगाच्या, त्यामुळे कापायच्या आधी या दोघांनी प्रत्येक वायरीला रंगीत सुताची खूण बांधली होती. तांबडं-हिरवं, पिवळं-काळं, असे जोड. तुटलेलं सूत सांधणाऱ्यांचीच ही रीत. अण्णा आपल्या बाजूची खूण सांगणार, मामा आपल्या बाजूची तशीच शोधणार, मी डाख देऊन दोन्ही टोकं जोडणार.

“राजू, सांग त्याला, तांबडं-हिरवं.”

“मामा, तांबडं-हिरवं.”

“हाय म्हणून सांग.”

“अण्णा, आहे.”

नऊ वायरींनंतर माझा घसा बसला. मी डाखाची कांडी खाली ठेवली आणि चहा आणायला म्हणून बाहेर पडले. मुद्दाम पाय ओढत गेले, मुद्दाम पाय ओढत आले. दारापाशी थांबले.

“पिवळं-काळं,” आतून अण्णांचा आवाज.

“हाय.”

“पांढरं-पांढरं.”

“हाय. गाठ सुटलीय, पण हाय.”

मी तशीच उभी राहिले. चहा गार झाला. पण आत गेल्याबरोबर अण्णा म्हणाले, “राजू, त्याला सांग, चहा घे म्हणावं,” आणि मी पुन्हा नोकरीवर रुजू झाले.

शनिवारी आई आणि मामी डबा घेऊन आल्या. दांड्यांची फळी मी पुसत होते. काळ्या रंगावर दोन्ही दांड्यांच्या खाली बारीक बारीक कमानीसारखे ओरखडे होते, शेकड्यांनी, एकावर एक. पोरांच्या हातातली कडी घासली असतील, असं मला वाटलं. मामीनं ती फळी पाहिली आणि तडक पॉलिशपेपर उचलला. “किती खराब झालीय गं. घासून काढते, रंग देऊ या.”

आईनं तिच्या हातातून पॉलिशपेपर काढून घेतला. “राहू दे, शालन.”

“वन्सं, पण—”

“जसं हाय तसं राहू दे.”

दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मामीनं डबा उघडला, आणि मी भाकरीच्या नादात ते विसरून गेले.

रविवारी दुपारी एकला मी बटण दाबलं. आतून बारीक कुंई असा आवाज आला, काचेवर धूळ उभी राहिली, आणि मग काळ्यातून निळं, निळ्यातून हिरवं होत डोंगर उगवला. पायथ्याशी तांबडा आणि निळा गडी पाय आपटत उभे. मामानं डोळे पुसले. अण्णांनी चष्मा पुसला. दोघांचाही पुसण्याचा हेतू एकच होता, पण कबूल कोण करणार?

अण्णांनी तांबड्याचा दांडा धरला, मामानं निळ्याचा. मी मध्ये.

“राजू, त्याला सांग, थांब म्हणावं, मी झोका घेतोय.”

“मामा, थांब—”

धप्प. दोघेही दरीत.

“त्यांना सांग, आधी सांगायचं असतंय!”

“अण्णा—”

धप्प.

“राजू, त्याला सांग, ओढ! ओढ म्हणावं!”

मी ‘ओ’ म्हणेपर्यंत दोघं मेले होते. पहिल्याच डोंगरावर, पहिल्याच कड्यावर, सलग सात वेळा. मला हसू आवरेना. पण आठवडाभराचे कष्ट, आणि शेवटी हेच? अण्णांनी दांडा सोडला. मामानंही. दोघं दोन दिशांना बघायला लागले. मला वाटलं, संपलं. उद्या शेड जाणार.

तेवढ्यात आईनं पदर कमरेला खोचला.

“व्हा बाजूला,” ती म्हणाली. “शालन, ये गं.”

“वन्सं, नको. आता या वयात.”

“ये म्हटलं न्हवं.”

सदुसष्ट वर्षांच्या माझ्या आईनं तांबड्याचा दांडा धरला. एकसष्ट वर्षांच्या मामीनं निळ्याचा. पहिला डोंगर त्यांनी मला जांभई द्यायलाही वेळ न देता ओलांडला.

“ओढ,” आई म्हणाली.

“सैल,” मामी म्हणाली.

“ओढ.”

दुसरा. तिसरा. चौथा. गच्चीवरच्या चादरी मला आठवल्या. मामाचा जबडा खाली आला होता. पाचव्या डोंगरावर कडा संपतो आणि पुढं नुसतं आभाळ. गल्लीतली सगळी पोरं तिथंच गारद झाली होती. मामीनं आपला निळा गडी सरळ आभाळात फेकला. तो खाली लोंबकळला, आणि खाली, पडद्याच्या अगदी कडेला, कुणाला न दिसणारी एक पायरी होती. तिनं ती बघितलीसुद्धा नाही. हातालाच माहीत होती.

शेडमध्ये आवाज फक्त मशीनचा आणि बांगड्यांचा. किणकिण, किणकिण, फळीवर. माझी नजर खाली गेली. आईच्या बांगड्या त्या ओरखड्यांवरून जात होत्या. एकही कमान न चुकवता.

“आक्का,” मामा हळू आवाजात म्हणाला, आणि मामाचा हळू आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. “हे तुम्ही शिकलात कधी?”

आईनं पडद्यावरची नजर काढली नाही.

“दुपारी,” ती म्हणाली.

अण्णा सावकाश पेटीच्या मागं गेले. त्यांनी तिच्या पाठीवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.  सव्वीस वर्षांचा राग आता कुणावर फुटणार, या भीतीनं मी जागेवर खिळले.

“कुणी काही बोलायचं न्हाई,” आई म्हणाली. “आठवा डोंगर हाय. गेल्या खेपेला इथंच जळलं.”

 अण्णा पुढं आले, आईच्या मागं उभे राहिले. मामा मामीच्या मागं. वारा सुटला, दगड घरंगळले, तांबडा एका हातावर लोंबला, निळ्यानं ओढला. मामीच्या कपाळावर घाम. “सैल, वन्सं, सैल, सैल... ओढ!” आणि दोघं माथ्यावर.

माथ्यावर दोघांनी दोरी सोडली. शेजारी शेजारी बसले. तांबड्यानं झोळीतून काहीतरी गोल काढलं, मोडलं, अर्धं निळ्याला दिलं. दोघं खात बसले आणि वरून जपानी अक्षरं पडायला लागली.

“एवढंच?” मामी म्हणाली.

“एवढंच,” आई म्हणाली, आणि मग दांडा न सोडताच रडायला लागली.

“राजू,” अण्णा म्हणाले. “त्याला सांग...”

ते थांबले.  मग ते वळले, माझ्याकडे नाही.

“सुकुमार,” ते म्हणाले. “तुझी शपथ खरी होती.”

मामानं नाक ओढलं. “तुमची पण खरी होती, दाजी.”

तो शब्द ऐकला आणि मी तिथंच, सुताच्या रिकाम्या पेटाऱ्यावर, मटकन बसले. आयटीआयच्या मास्तरीणबाई हमसून हमसून रडल्या, हे कुणाला सांगू नका.

“आणि ह्या दोघी?” अण्णांना अचानक आठवलं. “सव्वीस वर्षं तोंड शिवून बसल्या?”

आईनं पदरानं डोळे टिपले. “आम्हाला कुठं कुणी शपथ घ्यायला लावली?”

 मग मामी घडाघडा बोलायला लागली. पोरं शाळेत आणि पुरुष मागावर गेले की आई ‘शालनकडं पापड लाटायला जाते’ म्हणायची, मामी ‘वन्संकडं पापड लाटायला जाते’ म्हणायची, आणि दोघी गाळ्यात. मशीन जळलं त्या संध्याकाळी सांगणारच होत्या, पण पुरुष तोवर पणजोबांपर्यंत गेले होते. सकाळी सांगू म्हटलं, तर सकाळी शपथा. “मग छातीच झाली न्हाई. दर भाऊबीजेला ठरवायचो, औंदा सांगायचं. मला रोज झोपताना वाटायचं, हे पाप आपलं हाय.”

मामानं बोटांवर काहीतरी मोजलं. मग अण्णांकडे बघून म्हणाला, “दाजी, तरीच त्या वर्षी दोन्ही घरांत पापड नव्हते.”

अण्णा आधी नुसते हलले. मग त्यांचं हसू असं फुटलं, की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला.

मशीन भंगारात चाललंय, असं मामा कधी म्हणालाच नव्हता, हे मला त्यानंतर कळलं. तो फोन मामीनं आईच्या सांगण्यावरून केला होता.

सोमवारी टेम्पोतून पेटी माहेरी, पुढच्या सोप्यात आली. पुन्हा वाटणीचा विषय निघण्याआधीच अण्णांनी ब्रश घेऊन नवी पाटी रंगवली: ‘दुपारी १ ते ४ बायकांसाठी राखीव.’ चारनंतर मामा येतो. सात वर्षं झाली, दोघांचा दुसरा डोंगर अजून पार झालेला नाही, कारण दोघंही एकाच वेळी ओरडतात. मी तिथं असले की अजूनही कधी कधी, ऐन कड्यावर, अण्णा सवयीनं म्हणतात, “राजू, त्याला सांग, ओढ म्हणावं!”

“ऐकलं, दाजी,” मामा म्हणतो, आणि ओढतो.